जर्मनीला मराठी शिकवायला जाताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलण्याची गळ घातली तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, या जागेवरून डॉक्टरीणबाई बोलल्या, वकीलबाई बोलल्या. मी सातवी झालेली बाई. चूल, पोरे आणि सासूबाईंची औषधे यांपलीकडे मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या, "तुमची धाकटी जाऊ जर्मनीला शिकवायला गेली, तिच्या तयारीत तुम्ही होता. तेच सांगा. आळीत निम्म्या गोष्टी खऱ्या आणि निम्म्या रचलेल्या फिरताहेत. खऱ्या तरी कळू द्या." म्हणून मी उभी राहिले आहे.

आमची धाकटी इथल्या कॉलेजात मराठी शिकवते, हे तुम्हांला माहीत आहेच. गेल्या वर्षी तिला जर्मनीतील एका विद्यापीठाचे बोलावणे आले. तिथे वर्षाची दोन सत्रे असतात. त्यांतल्या हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. तेवढे एक सत्र तिथल्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवायचे, असे ते काम.

पत्र आले त्या रात्री सासूबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "तिकडच्या पोरांना मराठी कशाला ग हवं?" प्रश्न रोकडा होता. धाकटीने त्याचे उत्तर सावकाश दिले, आणि ते मला इतके नवे होते की तुम्हांलाही सांगते.

परक्या माणसांनी आपली भाषा शिकणे ही काही आजची गोष्ट नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला. तो आपली भाषा इतकी शिकला की त्याने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले, आणि ते १६१६ साली छापले गेले. विल्यम कॅरे याने बंगालात बसून १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, आणि त्याला मदत करणारे वैजनाथ पंडित आपलेच होते. मोल्सवर्थसाहेबाचा कोश १८३१ सालचा. तो अजून पंडितांच्या टेबलावर असतो. आपल्या दादोबा पांडुरंगांचे व्याकरण त्यानंतर, १८३६ साली आले.

जर्मनीचेच सांगायचे तर हायडेलबर्ग हे तिथले सर्वांत जुने विद्यापीठ, १३८६ सालचे. तिथे १९६२ साली आपल्या बाजूच्या देशांच्या अभ्यासाची संस्था निघाली. तिथले ग्युंथर सोन्थायमर हे प्राध्यापक महाराष्ट्रात येऊन धनगरांच्या वाड्यांवर बसत, बिरोबाच्या आणि खंडोबाच्या ओव्या ऐकून ध्वनिमुद्रित करीत. ते १९९२ साली वारले. "धनगरांच्या ओव्या?" असे सासूबाईंनी दोनदा विचारले. सासूबाईंच्या माहेरी खंडोबाचे कुळाचार आहेत. त्या दिवसापासून त्यांचा जर्मनीवरचा राग निम्मा उतरला.

आता तयारीचे सांगते. मला वाटले होते, पंधरा वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईला तयारी ती कसली? चार गरम कपडे घ्यायचे आणि निघायचे. मी तसे बोलूनही दाखवले. धाकटी म्हणाली, "वहिनी, इथे माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांना मराठी येतच असते. मी त्यांना कविता शिकवते, कादंबरी शिकवते. तिथे मुलांना 'ये' आणि 'जा' इथपासून शिकवायचे आहे. ते मला कधी कुणी शिकवलेच नाही. आईच्या कडेवर बसून आपोआप आले. आपोआप आलेले दुसऱ्याला द्यायचे कसे, तेच मला शिकायला हवे."

मग तिने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे स्वतः जर्मनची शिकवणी लावली. ज्याला काहीच येत नाही त्याला वर्गात कसे वाटते, ते आधी स्वतः भोगावे म्हणून. दुसरे म्हणजे एक जाड वही घेऊन ती रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. मी बोलायचे, तिने टिपायचे, आणि मधेच थांबवून विचारायचे, "वहिनी, असे का म्हणालात?"

भगिनींनो, "असे का म्हणालात" या प्रश्नाने मी आधी वैतागले आणि मग त्यात रंगून गेले.

पहिल्याच दिवशी मी म्हटले, "चमचा दे, सुरी कुठे आहे?" तिने विचारले, "चमचा तो आणि सुरी ती. का?" मी म्हटले, चमचा तो म्हणून तो, त्यात का कसले? ती हसली. म्हणाली, जर्मनमध्येही आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. इंग्रजीत आणि हिंदीत हा गोंधळ तीन लिंगांचा नाही. पण त्यांचा चमचा 'तो', काटा 'ती' आणि सुरी 'ते'. त्यांचा सूर्य बाई आणि चंद्र पुरुष. आणखी गंमत म्हणजे 'मुलगी' या अर्थाचा त्यांचा शब्द नपुंसकलिंगी. हे ऐकून मी मोठ्याने हसले, कारण माझे आजोळ मालवणकडचे. तिकडे मुलीला 'चेडू' म्हणतात आणि ते चेडू नपुंसकलिंगीच असते. धाकटीने ते लगेच वहीत उतरवले. म्हणाली, "हे मी पहिल्या आठवड्यात सांगणार. मुलांना वाटेल, हे तर आपल्यासारखेच आहे."

दुसऱ्या दिवशी भूतकाळ निघाला. मी आंबा खाते, पोळी खाते, केळे खाते. इथे खाणे माझे, म्हणून क्रियापद माझ्याप्रमाणे. पुरुष असता तर 'खातो' म्हणाला असता. पण खाऊन झाल्यावर? मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले. आता क्रियापदाला माझी ओळखच राहिली नाही, ते आंब्याच्या, पोळीच्या नि केळ्याच्या मागे गेले! चाळीस वर्षांवर मी हे बोलते आहे आणि मला ते कधी दिसले नव्हते. धाकटी म्हणाली, परक्या विद्यार्थ्याला मराठीत सगळ्यांत अवघड जाते ते हेच.

'आपण' आणि 'आम्ही' यांवर तर आमचे दोन दिवस गेले. "आम्ही जेवायला जातो" म्हटले की समोरचा घरीच राहिला. "आपण जेवायला जाऊ" म्हटले की त्याचेही पान मांडले. जर्मनमध्ये, इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. शिवाय थोरांना म्हणायचे 'आपण' तेही हेच. एका शब्दाने माणूस पंगतीत येतो किंवा बाहेर राहतो, ही आपल्या भाषेची खुबी मुलांना समजली पाहिजे, म्हणून तिने त्यावर एक नाटुकलेच लिहिले. त्यात एक सासू आहे. ती कोणावरून घेतली ते मी इथे सांगत नाही.

उच्चारांची एक गोष्ट ऐका. लिहिताना 'चार' एकच, पण "घरात चार गुरे आहेत" यातला चार निराळा आणि "जा, गुरे चार" यातला निराळा. म्हणून पाहा, जीभ कुठे लागते ते. जर्मन मुलांना हे दोन्ही 'च' येतात, कारण त्यांच्या भाषेतही असे दोन्ही आवाज आहेत. अडते ते 'ळ'वर. बाळ, टिळा, पोळी, कमळ हे शब्द शिकवताना जीभ वर वळवून दाखवायची, म्हणून धाकटी आरशासमोर बसून स्वतःच्या जिभेकडे पाहायची. तिची पोरे हसून हसून लोळायची.

आकड्यांचेही तसेच. आपण एकवीस म्हणतो म्हणजे आधी एक, मग वीस. जर्मनही 'एक आणि वीस' असेच म्हणतात. २०१९ साली आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असे वाचण्याची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला होता, तुम्हांला आठवत असेल. धाकटी म्हणाली, इंग्रजाला आपला एकवीस उलटा वाटेल, जर्मनाला सुलटा वाटेल.

आणि बायकांचे शब्द! हे मात्र मीच तिला दिले, असे अभिमानाने सांगते. मूल वाढते, पीक वाढते, हे पुस्तकात सापडेल. पण आपण जेवायला 'वाढतो'. नारळ फोडला न म्हणता 'वाढवला' म्हणतो. बांगडी फुटली न म्हणता 'वाढवली' म्हणतो. निघताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणतो. घरात फुटणे, संपणे, जाणे हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, ही आपल्या आज्या-पणज्यांची रीत. धाकटीने हे लिहून घेतले आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वहिनी, हा एक पूर्ण तास झाला. दीड तासाचा."

नात्यांचे तर विचारूच नका. नणंद, भावजय, मेहुणी या तिघींना तिकडे एकच शब्द. काकू, मामी, आत्या, मावशी या चौघींनाही एकच. मी म्हटले, मग लग्नात मान कुणाला कसा द्यायचा? याचे उत्तर मात्र धाकटीलाही सापडले नाही.

वही भरत आली तेव्हा तिने माझ्यावर रंगीत तालीम सुरू केली. मी मराठी न येणारी विद्यार्थिनी व्हायचे. ती फक्त हातवारे, वस्तू आणि चित्रे यांवर शिकवणार. मला येत असूनही येत नाही असे दाखवायचे, हे फार कठीण हो! पण त्यातून तिला कळले की ती एका दमात फार शब्द देते. आधी एका तासाला चाळीस शब्द होते, ते तिने बारावर आणले. "बारा शब्द घरी गेले तर पुरेत," ती म्हणाली. सुगरणीने पोळी लाटायला शिकवताना पहिल्याच दिवशी पुरणपोळी हातात देऊ नये, तसेच हे.

तिकडच्या चालीरीतीही तिने माहिती करून घेतल्या, म्हणजे ऐनवेळी घोटाळा नको. पुष्कळ विद्यापीठांत दहाचा तास लिहिलेला असला तरी सव्वादहाला सुरू होतो, ही तिथली जुनी रीत आहे, त्याला उशीर म्हणत नाहीत. गुण द्यायचे तर १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे नापास. आपल्याकडच्या सवयीने चांगल्या मुलाला पाच दिले तर बिचारा बसेल रडत! आणि तास आवडला तर मुले टाळ्या वाजवीत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात.

इथवर गमतीचे सांगितले. आता जे आळीत बोलले गेले त्याविषयी बोलते.

धाकटीला दोन मुले, एक तेरा वर्षांची, एक नऊ वर्षांचा. "आई पोरांना टाकून कशी जाते?" असे मला नळावर, देवळात, भाजीवाल्याकडे विचारले गेले. एकीने तर प्रेमाने सांगितले, "ती मिरवणार आणि तुम्ही राबणार." विचारणाऱ्या बायका माझ्याच आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. पण उत्तर सर्वांसमोर द्यावे असे वाटते.

पहिली गोष्ट, हेच बोलावणे भावोजींना आले असते, तर हा प्रश्न कुणी विचारला असता का? पेढे मागायला आला असता सगळे.

दुसरी गोष्ट, मी राबते हे खरे आहे. ते मी झाकत नाही. पण मी गुपचूप राबायला तयार झाले नाही. पत्र आल्यावर आठ दिवसांनी मी, धाकटी, भावोजी आणि आमचे हे असे चौघे बसलो. मी माझ्या अटी सांगितल्या. सकाळचे डबे भावोजी भरतील. सासूबाईंना गुडघ्यासाठी दवाखान्यात आमचे हे नेतील. रविवारी रात्रीचा स्वयंपाक दोघे भाऊ मिळून करतील, कसाही होवो. मुलांचा अभ्यास मी बसून घेईन, पण आठवीचे गणित मला येणार नाही, ते भावोजींचे. कागदावर लिहून तो कागद फ्रीजच्या दारावर लावला. अजून तो तिथे आहे. पहिल्या महिन्यात पोह्यांचा लगदा झाला, आता चांगले होतात.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची. माझ्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दोन कोसांवर, आणि घरी पाठची तीन भावंडे. वडिलांनी मला घरी बसवले. तेव्हाच्या रीतीने त्यांनी ते केले. पण शाळा सुटलेल्या मुलीला पुढे कितीही वर्षांनी शाळेची घंटा ऐकू आली की काय होते, ते ज्यांची सुटली त्यांनाच कळेल. या सभेत अशा पुष्कळ जणी आहेत.

तेव्हा धाकटी वही घेऊन माझ्याजवळ बसली, आणि माझे बोलणे खाली मान घालून लिहून घेऊ लागली, त्याचे मोल मला किती वाटले असेल ते तुम्ही जाणा. मी तिला एकदा म्हटले, "अग, माझे कसले शुद्ध मराठी? माहेरचे हेल, आजोळचे शब्द." ती म्हणाली, "वहिनी, पुस्तकातले मराठी त्यांना पुस्तकात मिळेल. घरात बोलतात ते मराठी कुठे मिळणार?" मग तिने मला दोन नावे सांगितली. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या बाई फलटणला राहिल्या, १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या. परक्यांना मराठी शिकवण्यासाठी त्यांनी आणि जाई निंबकर यांनी पुस्तके तयार केली. आणि हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक! त्या ओव्या रचणाऱ्या कितीतरी जणींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. आज त्यांचा अभ्यास विद्वान करतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला तेव्हा आपण सगळ्यांनी साखर वाटली. तो मान ज्ञानेश्वरांचा आहे, लीळाचरित्राचा आहे. पण ती भाषा आजवर तोंडी जिवंत कुणी ठेवली? अंगाई म्हणणाऱ्यांनी, ओवी म्हणणाऱ्यांनी, "नीट बोल" म्हणून पोराचा कान धरणाऱ्यांनी. त्यांत आपणही आहोत. मी मुद्दामच 'आपण' म्हटले, 'आम्ही' नव्हे.

धाकटी ऑक्टोबरात गेली. वर्गात आठ विद्यार्थी आहेत. एकाला ज्ञानेश्वरी मुळातून वाचायची आहे, एकीला दलित आत्मचरित्रे वाचायची आहेत, आणि एकीचे लग्न पुण्याच्या मुलाशी ठरले आहे, तिला सासूशी बोलायचे आहे. 'वाढणे' या शब्दाच्या तासानंतर बाकांवर ठकठक झाली, असे तिने फोनवर सांगितले. लेकाने विचारले, "आई, तू कधी येणार?" ती म्हणाली, "सत्र संपले की." लेक जरा रडला, मीही पदर डोळ्याला लावला. सगळे हसतखेळत चालले आहे असे मी सांगणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाला रात्री आई आठवते, ती आठवणारच. पण तोच मुलगा शाळेत सांगतो, "माझी आई जर्मनीत शिकवते, आणि तिला माझ्या मोठ्या आईने शिकवले." यातले दुसरे खरे नाही म्हणून मी त्याला सांगितले. तो ऐकत नाही.

आता मंडळापुढे एक विनंती ठेवते आणि बसते. आपल्यात कुणी वऱ्हाडची आहे, कुणी कोकणातली, कुणी सोलापूरकडची, एक-दोघी बेळगावच्या. प्रत्येकीच्या माहेरचे शब्द निराळे. सासरी आल्यावर ते हळूहळू गिळले जातात, आणि आपल्याबरोबर जातात. प्रत्येकीने आपल्या माहेरचे दहा शब्द आणि ते कधी वापरतात ते एका कागदावर लिहून द्यावे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी सांगावे, मी लिहून घेईन. माझे अक्षर बरे आहे. मंडळाची एक वही होईल. धाकटी परत आली की ती वही तिच्या हाती देऊ. पुढे ती इथल्या मुलांच्या उपयोगी पडेल, तिथल्याही पडेल. पंचमीपर्यंत शब्द माझ्याकडे यावेत. पहिले दहा मी आजच चिटणीसबाईंकडे दिले आहेत, 'चेडू' त्यांत वर आहे.